पाण्याचा फेरा आणि पाण्याची शुद्धी

वाहते पाणी निर्मळ, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे यात शंका नाही. पण ते किती आहे आणि कोणत्या ठिकाणी संपते, हे सहसा कोणी विचारीत नाही. पृथ्वीवर पाणी नव्याने तयार होत नाही म्हटले तरी चालेल. जे आहे तेच पुन्हा पुन्हा वापरात येते. आज सकाळी आपल्या नळाला आलेले पाणी यापूर्वी कोणाच्या तरी शेतातून, गटारातून, म्हशींच्या डबक्यातून आणि कित्येक वेळा समुद्रातून जाऊन आलेले आहे. असे असूनही ते पिण्याजोगे होते, याचा अर्थ मध्यंतरी कोणीतरी ते धुऊन काढलेले असते. हा धोबी कोण, तो कोणता मळ काढतो, कोणता काढीत नाही आणि या कामास त्याला किती वेळ लागतो, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

आरंभीच सांगून ठेवावयास हवे की हे काम एकट्याचे नाही. सूर्य, माती आणि नदी यांनी ते वाटून घेतले आहे आणि प्रत्येकाची रीत निराळी आहे. पाण्यासंबंधी आपल्या मनात जो घोटाळा असतो तो बहुधा एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात बांधल्यामुळे होतो. आणि हा घोटाळा आजचा नाही. युरोपात पुष्कळ शतके विद्वानांची अशी समजूत होती की समुद्राचे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून आत शिरते, माती-खडकांतून गाळले जाऊन गोडे होते आणि डोंगरांवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सतराव्या शतकात आथानासियस किर्शर या जेसुइट पंडिताने अशा भुयारांची सुरेख चित्रेही छापली. या कल्पनेला हसण्याचे कारण नाही. नदी वर्षभर वाहते आणि पाऊस मोजके दिवस पडतो. मग एवढे पाणी केवळ पावसाचे कसे असेल, ही शंका रास्तच होती. १६७४ साली प्येर पेरो या फ्रेंच गृहस्थाने ती हिशेबाने मिटविली. सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यात वर्षाकाठी पाऊस किती पडतो आणि नदीतून पाणी किती वाहते याचा त्याने ताळा केला, तेव्हा पाऊस प्रवाहाच्या सहापट भरला. नदीला पुरून उरेल इतका पाऊस पडतो, हे त्यावरून ठरले.

पण त्या जुन्या समजुतीत आणखी एक चूक होती आणि ती आजही आढळते. ती म्हणजे मातीतून गाळल्याने खारे पाणी गोडे होते, ही. गाळण्याने पाण्यात तरंगत असलेले कण अडकतात. मीठ पाण्यात तरंगत नसते, ते विरघळलेले असते. त्याचे कण पाण्याच्या कणांइतकेच बारीक होऊन त्यांच्यात मिसळून गेलेले असतात. वाळूच्या ज्या फटीतून पाणी जाईल तीतून मीठही जाईल. कोकणात किनाऱ्यालगतच्या विहिरीवर उपसा फार झाला म्हणजे ती मचूळ होते, ती याच कारणाने: समुद्राचे पाणी वाळू-खडकातून गाळून आत येते खरे, पण मिठासकट येते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते मागे टाकावयाचे तर पाण्याला वाफ होऊन वर गेले पाहिजे. हे काम सूर्याचे.

पाण्याचे रेणू सतत हालचाल करीत असतात. पृष्ठभागाजवळच्या एखाद्या रेणूला पुरेसा वेग मिळाला की तो शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतो. मिठाच्या कणांना पाणी इतक्या घट्टपणे धरून ठेवते की ऊन कितीही कडक असले तरी ते उडून जात नाहीत. म्हणून मिठागरात मीठ खाली राहते आणि पाणी वर जाते. रोगजंतू, गाळ, रंग, शेणामुताचे अवशेष हे सारे तसेच खाली राहतात. पाण्याच्या संपूर्ण फेऱ्यात विरघळलेला क्षार काढून टाकणारी मोठी युक्ती काय ती हीच. समुद्राचे पाणी गोठताना मीठ बाहेर पडते, पण त्याचा आपल्या मुलखाशी संबंध नाही.

ही युक्ती स्वस्त मात्र नाही. तीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्याची वाफ करावयास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी चुलीवर नुसते उकळीला आणावयास सत्तर पुरतात. विजेच्या भाषेत सांगावयाचे तर लिटरमागे सुमारे दोन-तृतीयांश युनिट खर्च येतो. आता असा हिशेब करून पाहावा. पुण्यास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो पडला म्हणजे पासष्ट हजार लिटर पाणी झाले. एवढे पाणी समुद्रातून उचलून मीठ काढून देण्यास सूर्याने जी उष्णता खर्चिली, ती विजेच्या मीटरवर मोजली तर त्रेचाळीस हजारांहून अधिक युनिट भरतील. एका गच्चीचे बिल हे असे आहे, आणि पावसाचे ते पाणी आपण पन्हाळीतून गटारात सोडतो!

कालिदासाने रघुवंशात राजाच्या करवसुलीला सूर्याच्या पाणी शोषून घेण्याची उपमा दिली आहे. राजा कर घेतो तो कितीतरी अधिक करून प्रजेला परत देण्यासाठी, हा तिचा आशय. उपमा राजाला शोभणारी आहे. पण हवामानशास्त्राच्या वहीत तेवढी उदारता नाही. सूर्य जितके घेतो तितकेच परत देतो. देताना ते धुऊन देतो, एवढाच काय तो फायदा. आणि तो देतो मोठ्या तत्परतेने. पृथ्वीभोवतीच्या हवेत एका वेळी जेमतेम तेरा हजार घन किलोमीटर पाण्याएवढे बाष्प असते. वर्षाकाठी जमिनीवर व समुद्रावर मिळून पडणारे पाणी सुमारे पाच लाख घन किलोमीटर असते. म्हणजे आभाळातला साठा सरासरीने नऊ-दहा दिवसांत रिकामा होतो आणि पुन्हा भरतो. मोठी धरणे सहसा इतक्या लवकर पाणी पालटीत नाहीत.

वाफ शुद्ध असते म्हणून पाऊसही तितकाच शुद्ध असतो असे मात्र समजू नये. वाफेचा थेंब होण्यासाठी तिला धरून बसावयास काहीतरी कण लागतो. धूळ, धूर, समुद्राच्या तुषारांतून उडालेल्या मिठाचे सूक्ष्म कण, यांवर ढगातला प्रत्येक थेंब जन्म घेतो. जॉन एटकिन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले की हवा धूळरहित केली तर तीत धुके सहज धरत नाही. म्हणजे पावसाच्या थेंबात पहिल्यापासूनच थोडा कचरा असतो आणि खाली येता येता तो हवेतला आणखी कचरा गोळा करतो. पहिल्या एक-दोन वळवांचे पाणी धरू नये, कौलांवरून व गच्चीवरून ते वाहून जाऊ द्यावे, असे जुनी माणसे सांगत. त्यांचे बरोबर होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड, ज्यास जुन्या क्रमिक पुस्तकांत कर्बाम्लवायू म्हणत, तोही थेंबात विरघळतो व पाऊस किंचित आम्लधर्मी होतो. यात वाईट काही नाही. किंबहुना पुढे खडक झिजवून माती करण्याचे काम हेच आम्ल करते. वाईट ते गिरण्यांच्या धुराने येते. मँचेस्टरच्या पावसाची परीक्षा करून रॉबर्ट अँगस स्मिथ याने १८७२ च्या आपल्या ग्रंथात हे साधार मांडले. अलीकडे, २०२२ साली, स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट सांगितली: न चिकटणारी भांडी, जलरोधक कापड इत्यादींसाठी माणसाने निर्माण केलेली काही रसायने आता जगात सर्वत्र, अगदी दक्षिण ध्रुवाकडच्या पावसातही, सापडतात. ही रसायने निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. सूर्याची युक्ती लक्षावधी वर्षे ज्या मळावर चालली त्यांत हा मळ नव्हता.

आता ढग आपल्याकडे येतात. सह्याद्री ओलांडताना ते उंच चढतात, थंड होतात आणि बहुतेक ओझे तेथेच टाकतात. महाबळेश्वरास साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. वाईपर्यंत खाली उतरेतो तो हजाराच्या आत येतो आणि फलटण-माणकडे पाचशेच्या आसपास राहतो. महाबळेश्वर अरबी समुद्रापासून सुमारे ६४ किलोमीटरांवर आहे. पण तेथे पडलेला जो थेंब कृष्णेत उतरेल त्यास समुद्र गाठण्यासाठी पूर्वेकडे १४०० किलोमीटर चालावे लागते. या लांबच्या वाटेवर त्याचे काय होते, हा आपल्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग आहे. कारण आपली गावे, शेते आणि शहरे याच वाटेवर बसलेली आहेत.

थेंबाची पहिली गाठ मातीशी पडते. माती पाणी गाळते हे सर्वांस ठाऊक आहे. ती कशी गाळते हे युरोपालाही उशिरा कळले. १८२९ साली जेम्स सिम्प्सन याने लंडनच्या चेल्सी पाणीपुरवठ्यासाठी वाळूचे मोठे गाळणे बांधले, ते गढूळपणा काढण्यासाठी. रोगजंतूंची कल्पनाच तेव्हा कोणास नव्हती. वाळूचे दोन कण जवळ बसले तरी त्यांतली फट जंतूच्या मानाने दरवाजाएवढी असते. तेव्हा जंतू वाळूत अडकावेत कसे? १८८५ च्या सुमारास जंतू मोजण्याची सोय झाल्यावर उलगडा झाला. नवे कोरे गाळणे जंतू विशेष अडवीत नाही. काही दिवस पाणी वाहिल्यावर वाळूच्या वरच्या थरावर एक बुळबुळीत साय धरते. त्या सायीत निरुपद्रवी सूक्ष्मजीवांची घनदाट वस्ती असते आणि ते पाण्यातील घाण व रोगजंतू यांवर आपली उपजीविका करतात. म्हणजे वाळू ही केवळ धर्मशाळा. काम करणारे निराळेच. त्यांना वेळ द्यावा लागतो. अशा गाळण्यातून पाणी तासाला दहा-वीस सेंटिमीटर याच गतीने सोडावे लागते.

याचा कठोर पुरावा १८९२ च्या ऑगस्टात मिळाला. जर्मनीत एल्ब नदीच्या काठी हँबुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना लागून होती. हँबुर्ग नदीचे पाणी न गाळता पीत असे. आल्टोना खालच्या अंगाला असल्याने हँबुर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणी घेई. पण ते वाळूतून सावकाश गाळून घेई. पटकी आली तेव्हा हँबुर्गमध्ये सुमारे साडेआठ हजार माणसे दगावली. आल्टोनात मृत्यूंची संख्या काही शेकड्यांतच राहिली. सरहद्दीवरच्या रस्त्याला एका बाजूच्या घरांत पटकी आणि समोरच्या घरांत नाही, असा प्रकार रोबर्ट कॉखने पाहिला व नमूद केला. अधिक घाणेरडे पाणी घेणारे शहर वाचले होते.

निसर्गात हेच काम काळी माती, मुरूम आणि नदीची वाळू करतात. उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या पात्रात झिरा खणून बायका वाटीवाटीने पाणी भरतात. ते पाणी शेजारच्या डबक्यातल्या पाण्याहून चांगले असते ते या वाळूच्या कृपेने. (पात्रातली वाळू बांधकामासाठी उपसून नेल्यावर झिरा तर जातोच, हे गाळणेही जाते.) परंतु आपल्या दख्खनची गोष्ट एल्बच्या वाळूहून वेगळी आहे. आपल्या पायाखाली सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याने व्यापला आहे. या दगडात स्वतःमध्ये पाणी फारसे मुरत नाही. ते राहते भेगांत, फटींत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. मुरमाची जाडी चांगली असेल तेथे पाणी सावकाश उतरते व गाळले जाते. जेथे मातीचा थर वीतभर आणि खाली भेगाळ खडक, तेथे पाणी भेगेतून सरळ विहिरीत येते. याची परीक्षा करावयास प्रयोगशाळा नको. जोराचा पाऊस झाल्यावर काही तासांतच विहीर गढूळ झाली, तर ते पाणी भेगेच्या वाटेने आले आहे आणि त्या भेगेच्या तोंडाशी जे काही असेल, गोठा, उकिरडा अथवा शोषखड्डा, त्याचे पाणीही त्याच वाटेने येणार आहे. अशा विहिरीचे पाणी दिसावयास निवळ असले तरी त्यावर विसंबू नये. निवळीचे बी घासून किंवा तुरटी फिरवून पाणी निवळते, गाळ तळाशी बसतो. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणले तेव्हाही आधी तलावात गाळ बसू देण्याची योजना होतीच. पण निवळ आणि निर्जंतुक हे दोन शब्द वेगळे आहेत.

माती आणखी एका बाबतीत अपुरी पडते. शेणखत, युरिया, मानवी मल, यांतला नायट्रोजन मातीतल्या जंतूंकडून नायट्रेट या क्षारात बदलला जातो. जंतूंच्या दृष्टीने हे शुद्धीकरणच होय, कारण दुर्गंधी जाते, घाण जाते. पण नायट्रेट मातीला चिकटून राहात नाही; ते पाण्याबरोबर सरळ खाली उतरते. ते अधिक झालेल्या पाण्याने तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते व मूल निळसर पडते, हे अमेरिकेतील आयोवा प्रांतातील एका डॉक्टराने १९४५ साली दाखविले. आपल्याकडे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा मानलेली आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. पाणी उकळून प्यावे हा सल्ला जंतूंपुरता सोळा आणे खरा आहे, पण तो नायट्रेटला लागू करू नये.

आणि काही ठिकाणी जमीन पाणी धुण्याऐवजी त्यात भर घालते. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथे गोड्या पावसाचे पाणी जमिनीत उतरून खारे होते. यवतमाळकडे खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असल्याने दात पिवळे पडणे व हाडे दुखणे हे विकार होतात. खडकाशी पाण्याचा सहवास जितका दीर्घ तितका त्याचा गुण पाण्याला लागतो. जितके खोल तितके पाणी चांगले, असा बोअर खणणाऱ्यांचा व खणविणाऱ्यांचा जो भरवसा असतो तो सरसकट बाळगण्याजोगा नाही. खोलवरचे पाणी जंतूंपासून बहुधा सुरक्षित, पण क्षारांच्या बाबतीत ते तपासूनच घ्यावे.

आता नदीकडे येऊ. वाहते पाणी निर्मळ, हे म्हणणे जिच्यावरून निघाले ती हीच. नदीत घाण पडली म्हणजे पाण्यातील जंतू ती खाऊ लागतात. खाताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. पाणी खडकांवरून खळाळत गेले की हवेतून नवा प्राणवायू मिसळतो. संथ, खोल डोहात तो हळू मिसळतो. घाण आणि हवा यांची ही शर्यत असते. हवा जिंकली तर काही मैलांवर नदी पुन्हा स्वच्छ होते. घाण जिंकली तर प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि मग दुसऱ्याच जातीचे जंतू कामाला लागून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीचा अभ्यास करून १९२५ साली या शर्यतीचे गणित मांडले. आजही तेच पायाभूत आहे.

गणिताचा सोपा भाग येथे मांडतो. आपल्या हवेत, तीस अंशांच्या आसपास, स्वच्छ नदीच्या एका लिटरात जास्तीत जास्त साडेसात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. शहराच्या एक लिटर सांडपाण्याची प्राणवायूची भूक पाच दिवसांत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम असते. म्हणजे एक लिटर सांडपाणी तीसेक लिटर नदीचा सारा प्राणवायू फस्त करू शकते. माणशी पाहिले तर ही भूक दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम धरतात. तिला साडेपाच-सहा हजार लिटर स्वच्छ नदी लागेल. एक लाख वस्तीच्या गावाला हाच हिशेब लावला तर सेकंदाला सहा-सात घनमीटर पाणी झाले. हवेतून वाटेत मिळणारा प्राणवायू यात धरलेला नाही, तो धरला की आकडा पुष्कळ उतरतो. पण दख्खनच्या बहुतेक नद्यांत उन्हाळ्यात एवढे पाणी एका गावासाठीही नसते. इंग्लंडच्या शाही आयोगाने १९१२ साली सांडपाण्यासाठी मानके ठरविली, तेव्हा त्यांत अशी अट होती की ते आधी शुद्ध केलेले असावे आणि शिवाय त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी नदीत असावे. ही अट थंड हवेच्या, बारा महिने पाऊस पडणाऱ्या देशाची होती. थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो, आपल्या उन्हाळ्यात तो कमी मावतो आणि जंतूंची भूक मात्र उष्णतेने वाढते.

गंगा-यमुनेच्या पाण्याचा विशेष गुण येथे कोणास आठवेल. आग्र्याच्या हँकिन या शास्त्रज्ञाने १८९६ साली प्रसिद्ध केले की या नद्यांच्या पाण्यात पटकीचे जंतू थोड्याच वेळात मरतात आणि पाणी उकळल्यास हा गुण जातो. पुढे १९१७ साली जंतूंना खाणारे विषाणू देरेल याने वर्णन केले आणि पुष्कळांनी हँकिनच्या निरीक्षणाचा संबंध त्यांच्याशी जोडला. असे विषाणू इतर नद्यांतही असतात. प्रत्येक विषाणू आपल्या ठराविक जातीच्या जंतूला मारतो. साबण, तेल, कारखान्याचे आम्ल यांच्याशी त्यास कर्तव्य नाही. श्रद्धेचा प्रश्न आम्ही येथे काढीत नाही. पण शास्त्राच्या नावाने या गुणावर एखाद्या शहराचे सांडपाणी सोपविणे योग्य नव्हे.

आपल्याजवळचे उदाहरण घेऊ. मुठेचे स्वच्छ पाणी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांत अडते. पावसाळ्यातला विसर्ग सोडला तर खडकवासल्याखाली नदीत वरून येणारे पाणी फारच थोडे. ते पाणी नळांतून घराघरांत जाते आणि सांडपाणी होऊन, काही शुद्ध केलेले, काही तसेच, पुन्हा मुळा-मुठेत येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून वस्ती पन्नास लाखांच्या पुढे गेली आहे. म्हणजे कोरड्या दिवसांत शर्यतीतला एक गडी मैदानातच नसतो. पुढे ही नदी भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात थांबते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यांतला निम्म्याहून अधिक मृत साठा आहे, म्हणजे तो सहसा हलत नाही. वाहते पाणी येथे उभे राहते.

वाटेत नदीने आपले काम केलेले असते, हे मान्य केले पाहिजे. पुण्याखालचा काळपट रंग आणि दुर्गंधी पुढे पुष्कळ उतरते. पण घाण खाऊन संपली तरी तिच्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शिल्लक राहतो. हे दोन्ही उत्तम खत आहेत. साबण-पावडरींचे आणि शेतांतून वाहून आलेले खत त्यांत मिळते आणि उभ्या पाण्याला, भरपूर उन्हात, हा खुराक मिळाला की शेवाळाची हिरवी साय आणि जलपर्णी माजते. दिवसा ही वनस्पती प्राणवायू देते, रात्री घेते. आणि मेल्यावर सडताना सर्वांत अधिक घेते. म्हणजे पुण्यापाशी जी घाण नदीने पचविली, तिच्याच खतावर उजनीत नवी घाण तयार होते. सोलापूर शहर या जलाशयाचे पाणी पिते. वारीच्या वेळी याच धरणातून चंद्रभागेत पाणी सोडतात, म्हणजे पंढरीला वारकरी ज्यात स्नान करतो ते पाणी हेच. शुद्धीकरण केंद्रातून फक्त दुर्गंधी जाऊन चालत नाही, नायट्रोजन आणि फॉस्फरसही काढले पाहिजेत, ही मागणी तांत्रिक वाटली तरी सोलापूरकराच्या तांब्याशी तिचा थेट संबंध आहे.

राहता राहिला क्षार. पाऊस गोडा असतो, पण माती-खडकांतून जाताना त्यात थोडे क्षार विरघळतात, आणि ते नदीबरोबर समुद्रास जातात. समुद्र खारा आहे तो लक्षावधी वर्षांच्या या पुरवठ्यानेच. या व्यवस्थेत समुद्र हे जमिनीचे क्षार टाकण्याचे ठिकाण आहे आणि नदी ही तेथवर जाणारी मोरी. मोरी बंद झाली तर क्षार घरातच राहणार. कृष्णेच्या खोऱ्यात धरणे, कालवे आणि उपसा इतका वाढला की या शतकाच्या आरंभीच्या दुष्काळी वर्षांत तिचे पाणी समुद्राला जवळजवळ पोहोचलेच नाही. पाणी शेतांतून वाफ होऊन गेले. वाफ क्षार नेत नाही, हे आपण वर पाहिलेच. समजा, कालव्याच्या एका लिटर पाण्यात ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि हेक्टरभर उसाला वर्षाकाठी दोन कोटी लिटर पाणी दिले. त्या शेतात दर वर्षी सहा टन क्षार उतरले. पावसाने ते खाली धुतले गेले आणि जमिनीला निचरा असला तर ते नदीला जातील. निचरा नसला तर जमिनीखालचे पाणी वर चढते, पृष्ठभागावरून उडून जाते आणि पांढरी खार मागे ठेवते.

नीरेच्या डाव्या कालव्याखाली हा प्रकार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दिसू लागला होता. आज सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या हजारो हेक्टर जमिनी क्षारपड झालेल्या आहेत, आणि त्या बहुतांशी पूर्वीच्या सर्वांत कसदार जमिनी आहेत. त्यांवर उपाय आहे. जमिनीत मीटर-दीड मीटर खोलीवर सच्छिद्र नळ्या पुरून साचलेले खारे पाणी चरात काढून देतात, आणि काही हंगामांत पीक पुन्हा उभे राहू लागते. ज्यांनी हे केले त्यांचा अनुभव चांगला आहे. मात्र चरातले पाणी ओढ्याला जाते, ओढा नदीला मिळतो आणि नदीवर थोड्या अंतराने पुढचा बंधारा असतो. पावसाळ्यात पूर आला की हे क्षार पुढे सरकतात. ज्या वर्षी पुराचे पाणी वरच्या धरणांतच अडते, त्या वर्षी ते बंधाऱ्यामागे थांबतात आणि तेथून उपसा होऊन पलीकडच्या गावाच्या उसाला मिळतात.